डेरिकच्या नावाची पट्टी

शलमोनमामा भिंगारदिव्यांच्या घरात भिंतीला सोनं टांगलंय, ही आवई केडगावात पहिल्यांदा उठवली ती शेजारच्या रंगुबाईनं. त्या बाईचा जन्मच मुळी आवया उठवायला झालेला. एकदा वाटीभर साखर मागायला आली, भिंतीकडं बघतच राहिली आणि साखर न घेताच परत गेली. दिवस मावळायच्या आत स्टेशनापासून मिशनच्या फाटकापर्यंत सगळ्यांना ठाऊक, की भिंगारदिव्यांकडं सोन्याच्या ताटल्या आहेत, काचेत बसवलेल्या, आणि म्हातारा रोज सकाळी त्या पुसतो. दुसऱ्या दिवशी तिनं मामांच्या बायकोला, कृपाबाईंना, सरळच विचारलं, की एकेक किती तोळ्याची म्हणायची? कृपाबाईंनी कपाळाला हात लावला. तोळ्याच्या असत्या तर मी ह्यांना रोज बोलले असते का, म्हणाल्या.

सोनं कसलं डोंबलाचं! परदेशात एखाद्या रॉक बँडची रेकॉर्ड लाखांनी खपली, की कंपनी एका तबकडीला सोनेरी मुलामा द्यायची, काचेच्या चौकटीत बसवायची आणि खाली पितळेची पट्टी ठोकायची. अमुक रेकॉर्ड इतकी इतकी खपली, त्याबद्दल अमक्याला सप्रेम भेट. वाजवणाऱ्यांना द्यायची, मॅनेजरला द्यायची, रेडिओवाल्यालाही द्यायची. पुढं बँड मोडले, माणसं गेली, कचेऱ्या बंद पडल्या आणि चौकटी भंगारात आल्या. त्या हुडकून जमवणारे वेडे जगभर आहेत. त्यातला एक आमच्या दौंड तालुक्यात निघाला, त्याला कोण काय करणार?

पण हे वेड काही आभाळातून पडलं नव्हतं. मामांचे वडील दौंडला रेल्वे इन्स्टिट्यूटचे चौकीदार. त्या काळी दौंडात अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांचे बंगले होते आणि शनिवारी इन्स्टिट्यूटच्या हॉलात नाचगाणी चालायची. तिथं शलमोनला डेरिक भेटला. इंजिन ड्रायव्हरचा मुलगा, बिस्किटांचे रिकामे डबे बडवून शेजाऱ्यांची झोप उडवणारा. शलमोन मिशनच्या शाळेत पेटी शिकलेला. डेरिकनं त्याच्या गळ्यात गिटार अडकवली. मग काय, शनिवारी हॉलात धांगडधिंगा आणि रविवारी सकाळी त्याच बोटांनी उपासनेत गीतं. वडिलांनी एकदा कमरेच्या पट्ट्यानं फोडून काढला. दुसऱ्या शनिवारी हा परत हॉलात हजर.

डेरिक घरच्यांबरोबर ऑस्ट्रेलियाला गेला आणि शलमोन रेल्वेच्या सिग्नल खात्यात चिकटला. डेरिक तिकडं एका बँडमध्ये ड्रम वाजवू लागला. त्या बँडची एक रेकॉर्ड, एकच, धडाक्यात खपली आणि कंपनीनं प्रत्येकाला सोनेरी तबकडी दिली. त्यापुढं मात्र त्या माणसाच्या नशिबाला जी उतरण लागली ती थांबलीच नाही. बँड मोडला, संसार मोडला, बायको लहानग्या मुलीला घेऊन गेली. भाड्याच्या खोल्या बदलता बदलता सामान गेलं. राहिली ती तेवढी तबकडी. ती त्यानं मुंबईला येणाऱ्या कुणा ओळखीच्या माणसाबरोबर मामांकडं धाडली आणि फोन केला. म्हणाला, मुलगी माझ्याशी बोलत नाही. पण कधीतरी तिला वाटेल, आपला बाप कोण होता ते बघावं. तेव्हा तिला ही दे. तोवर तुझ्या भिंतीवर राहू दे. मामांनी शब्द दिला. हे सगळं बोलणं इंग्रजीतून झालं. कृपाबाई तेव्हा शेजारीच तांदूळ निवडत होत्या, त्यांना एवढंच कळलं की डेरिकनं भेट पाठवलीय.

भिंतीवर एक चौकट आली आणि मामांना चटक लागली. मुंबईच्या चोरबाजारात जा, पुण्याला कॅम्पात एखादं रेकॉर्डचं जुनं दुकान बंद होतंय असं कळलं की तिकडं पळ. कुठं एक फुटक्या काचेची मिळायची, कुठं बुरशी लागलेली. परतीच्या शटल गाडीत ती चौकट मांडीवर धरून मामा असे बसायचे, की लोक विचारायचे, बाबा, कुणाचा फोटो? वारले का? मामा होकारार्थी मान हलवायचे. एका अर्थी खोटं नव्हतंच ते.

आणि त्यातली एक गंमत त्यांना फार आवडायची. भिंग घेऊन ते तबकडीवरची गाणी मोजायचे. दोन गाण्यांच्या मध्ये जी गुळगुळीत रेघ असते ना, तिच्यावरून कळतं. मधल्या लेबलावर लिहिलेलं असायचं, ह्या बाजूला पाच गाणी. तबकडीवर निघायची सहा, नाहीतर चार. म्हणजे कंपनीनं हाताला लागेल ती, पडून राहिलेली रेकॉर्ड उचलायची, तिलाच मुलामा द्यायचा आणि वर दुसऱ्याचं लेबल डकवायचं. डेरिकच्या तबकडीची गतही तीच निघाली. मामांनी भीत भीत ते त्याला फोनवर सांगितलं, तर तो खोकला येईपर्यंत हसला. म्हणाला, गाणी कुणाची का असेनात, पट्टीवर नाव माझंच आहे ना?

डेरिक गेला. त्यानंतर ह्या उन्हाळ्यात मामांच्या मोबाइलवर त्याच्या मुलीचा, डायनाचा, मेसेज आला. बाबांच्या कागदांत तुमचं नाव सापडलं. त्यांची तबकडी तुमच्याकडं आहे का? माझ्याकडं त्यांचं काहीच नाही, फोटोसुद्धा आईनं ठेवले नाहीत. मी नाताळाच्या सुमाराला येते. मामांनी तो मेसेज किती वेळा वाचला, देवालाच ठाऊक. ताबडतोब उत्तर पाठवलं, ये बाई, तुझीच वस्तू आहे, सांभाळून ठेवलीय. कृपाबाईंना ते सावकाशीनं सांगणार होते. पण पावसाळ्यात मामांच्याच छातीत कळ आली, आणि पुण्याच्या दवाखान्यात जे नेलं ते थेट ऑपरेशनलाच.

दवाखान्याच्या बाकावर बसून कृपाबाईंनी नवस केला. प्रभू, माझा माणूस मला परत दे, त्यांची सगळ्यात लाडकी वस्तू मी हंगामाच्या सणाला तुझ्या वेदीवर ठेवीन. कोणाला सांगितलं नाही. मामा जगले, घरी आले, काठी टेकत अंगणात हिंडायला लागले. लाडकी वस्तू कोणती हे त्या बाईला कुणी सांगायची गरजच नव्हती. सकाळी चौकटी पुसताना मामांचा हात पहिला कुठं जातो, हे ती इतकी वर्षं चुलीपासून बघत आली होती.

आता आमच्या हंगामाच्या सणाची रीत ठाऊक नसेल तर सांगतो. ज्याच्या शेतात जे पिकलं ते त्यानं वेदीपुढं आणून ठेवायचं. भोपळे, उसाची मोळी, कोथिंबिरीच्या जुड्या, झेंडूच्या पाट्या, पाय बांधलेलं कोंबडं. ज्याला शेत नाही तो काहीबाही आणतो. उपासना संपली की मांडवात लिलाव. देवाला दिलेलं फुकट परत घ्यायचं नाही, पाहिजे तर बोली लावायची. आणि ज्याला एखादी वस्तू मनापासून हवी असते त्याला सगळे मिळून छळतात, मुद्दाम आकडा चढवतात. एके साली दोन व्याही एका लिंबासाठी असे इरेला पेटले, की त्या पैशात लिंबाची बाग आली असती. हसायचं, चिडवायचं आणि पैसे देवाच्या कामाला. ह्यात वाईट कोणाच्या मनात नसतं.

त्या सणाला मामा उपासनेत बसले, समोर नजर टाकली आणि भोपळ्याला टेकवून ठेवलेली डेरिकची चौकट त्यांना दिसली. आधी वाटलं, डोळे फसवतायत. कृपाबाईंकडं बघितलं. त्यांचा चेहरा एखाद्या नव्या नवरीसारखा फुललेला. गीत चालू असताना त्यांनी हळूच कानात सांगितलं, की तुम्ही त्या टेबलावर पडला होतात तवा मी शब्द दिला होता, आज फेडला. मामा बोलणार काय? ज्या जिवानं बोलायचं, तोच जीव त्या चौकटीच्या बदल्यात मागून आणलेला.

लिलाव एबनेझर पंच करायचे, गावातला एक नंबरचा थट्टेखोर माणूस. चौकट उचलून ते म्हणाले, रंगुबाईंच्या हिशोबानं हिच्यात पाच तोळे तरी हायत, बोला! मांडव हसला. मामांनी झटकन हात वर केला. झालं! मामांना हवीय म्हटल्यावर चारी बाजूंनी बोल्या उठल्या. मामा परत हात वर करायला गेले तर कृपाबाईंनी तो धरून खाली ओढला.

"दिलेलं आपल्याच घरात परत न्यायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "नवस उलटतो."

दवाखान्यातली भीती त्या बाईच्या हाडात शिरून बसली होती, अजून निघाली नव्हती. मामांनी हात खाली ठेवला तो ठेवलाच.

शेवटी बोली थांबली ती ब्लेसनच्या नावावर. ब्लेसन म्हणजे मामांच्या बहिणीचा मुलगा, कारेगावला राहून रांजणगावच्या कारखान्यात टूलरूमला असतो. मामांवर जीव टाकणारा. दवाखान्यात रक्त दिलं ते त्यानंच. चौकट डोक्यावर धरून तो मांडवात नाचला आणि मामांकडं बघून त्यानं डोळा मारला. मामांना वाटलं, सुटलो. पोरगं शहाणं आहे, घराबाहेरच्यानं घेतली म्हणजे नवसही राहिला, आता तो गुपचूप आणून देईल. आठवड्यानं त्यांनी फोन केला. ब्लेसन म्हणाला, मामा, थांबा की जरा, सरप्राइज हाय. मामा निवांत झाले. इथंच चुकलं बघा. त्याच वेळी तोंड उघडून सांगितलं असतं, की अरे बाबा, ती वस्तू माझी नाही, तर पुढचं काही घडलं नसतं. पण फोन स्पीकरवर होता आणि कृपाबाई समोर बसून त्यांच्या गोळ्या काढत होत्या.

नाताळाआधी दोन रविवार होते तेव्हा ब्लेसननं चर्चमध्ये सरप्राइज आणलं. वेदीशेजारच्या भिंतीवर टांगलं, वर लाल कापड. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, कृपाबाईंच्या हस्ते कापड काढलं. घड्याळ! डेरिकची तबकडी शिसवी लाकडावर चढवलेली. मधल्या भोकातून काटे बाहेर काढलेले, आणि कडेनं बारा भोकं पाडून त्यांत पितळेचे आकडे पक्के बसवलेले. काम असं साफ, की कंपनीनं करावं. खाली पट्टी: शलमोन भिंगारदिवे यांच्या आरोग्याबद्दल प्रभूची उपकारस्तुती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ब्लेसन मामांच्या पाया पडला.

मामांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, की बाळा, ती जुनी पट्टी होती, ती कुठं टाकलीस? ब्लेसन खूश होऊन म्हणाला, टाकीन कशी मामा? पितळ जुनं, एक नंबर होतं. तीच पलटी केली आन् मागच्या बाजूला आपलं कोरून घेतलं.

त्या दिवसापासून मामांना अन्न गोड लागेना. पाळकसाहेबांकडं जाऊन त्यांनी आडून विचारलं, की वेदीवरची वस्तू कधी कुणाला परत देता येते का? पाळकसाहेबांना वाटलं, दुखण्यातून उठलेल्या माणसाला श्रद्धेचे प्रश्न पडतात. त्यांनी प्रेमानं पाऊण तास समजावून सांगितलं. ब्लेसनला खरं सांगावं, तर पोरगं स्वतःला कधी माफ करणार नाही. आणि कृपाबाईंना? रात्री त्या सुखानं झोपायला लागल्या होत्या. त्यांना सांगायचं, की बाई, तू जी वस्तू देवाला दिलीस ती आपली नव्हतीच, ती एका पोरक्या पोरीची ठेव होती? म्हणजे नवस फुकट गेला, आणि नवस फुकट गेला म्हणजे नवऱ्याचा जीव परत टांगणीला. त्या बाईनं अंथरूणच धरलं असतं. कुठूनही गेलं तरी कुणाच्या तरी काळजावर पाय पडत होता. आणि समजा सगळं सांगितलं, तरी त्या बारा भोकांचं काय करणार?

डायनाला त्यांनी मेसेज लिहायला घेतला, पुसला, परत लिहिला, परत पुसला. मग तिचाच आला, मी पुण्याला पोचले, रविवारी येते. मामांनी कळवलं, दुपारी घरी ये. मनात हे, की घरी तरी तिला बसवून, पाणी देऊन नीट सांगता येईल. कृपाबाईंना त्यांनी डेरिकची मुलगी येतेय एवढंच सांगितलं. त्या हरखल्या. म्हणाल्या, बरं झालं, तिच्या बापाची वस्तू देवाच्या घरात बघून पोरीच्या जिवाला बरं वाटेल.

पण टॅक्सीवाल्यानं फाटकावर भिंगारदिव्यांचं घर विचारलं आणि कुणीतरी सांगितलं, मामा आत्ता चर्चमध्ये असतील. उपासना नुकतीच सुटलेली. माणसं बाहेर मांडवात चहाला उभी, ब्लेसन कप वाटतोय. आत मामा आणि कृपाबाई गीतांची पुस्तकं गोळा करत होते, तेवढ्यात ती दारात आली. पन्नाशीला टेकलेली बाई, पण हनुवटी डेरिकची. मामांना ओळखायला काही अडचण पडली नाही. तिनं त्यांचे दोन्ही हात धरले. म्हणाली, बाबा तुमच्याबद्दल काय सांगायचे ते मला ठाऊक नाही, कारण मी कधी ऐकूनच घेतलं नाही. तुम्ही सांगा. आणि मग वर भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून हसली. म्हणाली, किती छान, तुम्ही इथं चर्चमध्येसुद्धा तशी एक केलीत! चला, मला खरी दाखवा.



कृपाबाईंना इंग्रजी कळत नव्हतं, पण पोरीची नजर कळली. त्या पुढं झाल्या, तिचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं अभिमानानं घड्याळाकडं बोट केलं. "हीच गं बाई. हीच तुझ्या बापाची."

शब्द कळायची गरज नव्हती. डायनानं एकदा त्या बोटाकडं बघितलं, एकदा मामांच्या तोंडाकडं. मग काट्यांकडं, मग त्या बारा आकड्यांकडं. तिचा हात तोंडावर गेला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. कृपाबाईंना वाटलं, आनंदानं. त्यांनी तिला मिठीत घेतलं आणि त्याही रडायला लागल्या. कृपाबाईंच्या खांद्यावरून डायना मामांना म्हणाली, तुम्ही त्यांना हे करू कसं दिलंत?

"काय म्हणती ती?" कृपाबाईंनी विचारलं.

दोन्ही भाषा येणारे तिथं एकटे मामाच.

"छान हाय म्हणती," मामा म्हणाले.

"तिला सांगा, तुझ्या बापामुळं माझा माणूस वाचला."

हे मात्र मामांनी शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितलं. दवाखाना सांगितला, नवस सांगितला. डायना ऐकत राहिली. तिनं कृपाबाईंची मिठी सोडवली नाही, पण तिचे हात खाली लोंबतच राहिले. मग तिनं विचारलं, बाबांचं नाव होतं ना त्याच्यावर? ते कुठंय?

मामांनी सांगितलं, आहे. पट्टीच्या मागच्या बाजूला. भिंतीकडं तोंड करून.

डायनानं एक बाक ओढला, वर चढली आणि पट्टीवर बोटं फिरवली. मग नखानं ती पट्टी कडेकडेनं उचकटून बघायला लागली. एका बाजूनं, दुसऱ्या बाजूनं, परत पहिल्या.

"काय बघती ती?" कृपाबाईंनी विचारलं.

"पट्टी नीट बसलीय का, ते बघती."

"बसलीय म्हणावं," कृपाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "ब्लेसननं चार रिबिटा मारल्यात, जल्मात निघायची न्हाई. सांगा की तिला."

मामांनी सांगितलं.